मोबाइलवरचं दुकान : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मुंबई आणि उपनगरांतल्या छोट्या व्यावसायिकांनी विचारलेले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांसारखे प्रश्न बऱ्याच जणांचे असतात, म्हणून ती उत्तरं सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : दादर पश्चिमेला आमचं साड्यांचं दुकान आहे. गेल्या वर्षी वेबसाइट करून घेतली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर झटकन उघडते, पण गिऱ्हाइकं म्हणतात की फोनवर नुसतं गोल फिरत राहतं. बनवणारा म्हणतो, त्यांचंच नेट स्लो असेल.

नेट स्लो असणारच. तुमचं गिऱ्हाईक विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने साडी बघतं. वेबसाइट त्याच नेटवर उघडली पाहिजे, तिथे सबब चालत नाही.

आधी मोजून घ्या. गूगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या फुकट साधनात तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका आणि निकाल ‘मोबाइल’चाच बघा. पेजवरची सर्वांत मोठी गोष्ट, म्हणजे बहुधा पहिला फोटो, २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. त्या आकड्याला एलसीपी म्हणतात. पेज उघडताना मजकूर किती उड्या मारतो ते सीएलएस सांगतं, ते ०.१ च्या आत हवं. बोट टेकवल्यापासून पेज प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ म्हणजे आयएनपी, तो २०० मिलिसेकंदांच्या आत हवा. खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे वरच्या भागात येतात, पण छोट्या दुकानाला पुरेशी वर्दळ नसल्याने तो भाग अनेकदा रिकामाच दिसतो. मग खालच्या चाचणीवर काम भागवा. त्यात आयएनपी मिळत नाही, पण तुमचा मूळ आजार त्यात नक्की दिसेल.

तो आजार बहुतेक फोटोंचा आहे. फोनने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि तीन-पाच एमबीचा असतो. असे पाच फोटो वरच्या सरकत्या बॅनरमध्ये लावले, की एक अक्षर वाचण्याआधीच पंधरा-वीस एमबी उतरवावे लागतात. ‘स्क्वूश’ या फुकट साधनात प्रत्येक फोटो उघडा, पूर्ण रुंदीच्या फोटोची रुंदी १२०० पिक्सेल आणि यादीतल्या छोट्या फोटोंची ६०० पिक्सेल करा, वेबपी हा वेबसाठीचा हलका फॉरमॅट निवडा, दर्जा ७५ ठेवा. बहुतेक फोटो दीडशे-दोनशे केबीच्या आत येतील.

साड्यांसाठी एक खबरदारी मात्र घ्या. नेहमीच्या वेबपीमध्ये रंगाची माहिती उजेड-अंधाराच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते. त्यामुळे लाल किंवा राणी रंगाच्या काठाची कड फिसकटल्यासारखी दिसते आणि जरीची वीण एकजीव होते. काठ-पदराचा जवळून घेतलेला फोटो वेगळा ठेवा, तो जेपेगमध्ये ८५ दर्जाने आणि रंगाची ती कपात बंद करून साठवा. गिऱ्हाइकाने बोट टेकवल्यावरच तो उघडू द्या. पैठणी घेणारी बाई काठ बघूनच ठरवते; तिथे शंभर केबी वाचवायला जाऊ नका.

मग बनवणाऱ्याकडून चार कामं करून घ्या. सरकता बॅनर काढून एकच फोटो ठेवायचा. त्या पहिल्या फोटोला ‘लेझी लोडिंग’ (फोटो स्क्रीनजवळ आल्यावरच उतरवणं) लावायचं नाही, खालच्या सगळ्यांना लावायचं. पहिल्यालाही ते लावून ठेवलं तर जो फोटो आधी यायला हवा तोच मागे पडतो. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहायची, नाहीतर फोटो उशिरा येऊन मजकूर खाली ढकलतो आणि ‘फोन करा’वर टेकायचं बोट भलतीकडेच पडतं. आणि पेजमध्ये बसवलेला नकाशा काढून ‘रस्ता दाखवा’ अशी साधी लिंक द्यायची. ती थेट फोनमधल्या नकाशाच्या ॲपमध्ये उघडते.

प्रश्न : गिरगावात आमचा लग्नपत्रिका छापण्याचा व्यवसाय आहे. सगळा मजकूर श्रीलिपीत आहे. वेबसाइटवर टाकला की कचरा दिसतो, म्हणून मुलाने त्याची चित्रं करून लावली. आता फोनवर वाचता येत नाही आणि गूगलवरही सापडत नाही.

जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कॉम्प्युटरच्या दृष्टीने मराठी नसतोच. ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढतो. फॉन्ट नसला की उघडी पडतात ती मूळ चिन्हं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला कळणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यायलाच हवा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण तुमच्या फाइलमधला नेमका फॉन्ट निवडावा लागतो, कारण श्रीलिपीच्याही वेगवेगळ्या मालिका आहेत. बदलल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी, ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’मधला ऱ आणि श्री, ज्ञ, द्ध, ष्ट्र ही अक्षरं डोळ्यांनी तपासा. चुका नेमक्या तिथेच राहतात. आणि पत्रिकेच्या धंद्यात ‘शुभविवाह’ चुकलेला दिसला तर पुढचं कोणी वाचत नाही.

आता फोनवर तो नीट दिसण्याची गोष्ट. देवनागरीला वरून मात्रा-रफार आणि खालून उकार असतात, म्हणून इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. ओळीची उंची अक्षराच्या १.६ ते १.७ पट ठेवा, मजकुराचं अक्षर १७-१८ पिक्सेलचं. अक्षरांमधलं जादा अंतर शून्य करा. इंग्रजी डिझाइनमध्ये शीर्षकं मोकळी दिसावीत म्हणून ते दिलेलं असतं, मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

पेजची भाषा कोडमध्ये ‘मराठी’ अशी नोंदवायला सांगा. बरेच जण इंग्रजीच ठेवतात किंवा हिंदी टाकतात. ‘नोटो सान्स देवनागरी’सारख्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली आहेत, पण भाषा मराठी सांगितली तरच ती उमटतात. आपल्याकडे पत्रिका घेणाऱ्या आजोबांना तो फरक लगेच कळतो. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हाही फुकट आणि फोनवर सुरेख वाचता येणारा फॉन्ट आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड होते, तेव्हा साधा आणि ठळक एवढी दोनच वजनं घ्या. फाइल हलकी करायला कोणी त्यातले ‘अनावश्यक’ आकार कापले तर जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं दिसू लागतात. तसं झालं तर मूळ फाइल परत लावा.

पत्रिकांचे नमुने चित्रं म्हणूनच राहू द्या. दर, किमान नग, किती दिवसांत मिळेल आणि पत्ता हे मात्र अक्षरांत लिहा.

प्रश्न : लालबागमध्ये घरूनच मसाले करते, दिवाळीला फराळाच्या ऑर्डर घेते. वेबसाइटला पंधरा हजार सांगितले आहेत. करू का?

ताई, या दिवाळीला नको. ते पैसे चांगल्या पॅकिंगला लावा. आधी गूगलवर ‘बिझनेस प्रोफाइल’ (शोधात आणि नकाशात दिसणारी व्यवसायाची नोंद) उघडा, ते फुकट आहे. घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त कुठे कुठे माल पोचवता ती ठिकाणं नोंदवता येतात, अशी २० पर्यंत. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतील. तो एका दमात, मध्ये न कापता काढायचा असतो. त्यात इमारतीबाहेरचा रस्ता, तुमचं नाव छापलेली पाकिटं, वजनकाटा, मसाल्यांचे डबे दिसू द्या. चेहरा दाखवायची गरज नाही. नावाच्या रकान्यात पाकिटावर आहे तेच नाव लिहा. ‘बेस्ट मालवणी मसाला लालबाग होम डिलिव्हरी’ असं शेपूट जोडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते परत मिळवण्यात ऐन हंगाम निघून जातो.

मग व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग भरा. ५०० वस्तू मावतात, तुम्हाला पंधरा पुरतील. प्रत्येक वस्तूपुढे वजन आणि भाव लिहा. ‘भावासाठी मेसेज करा’ असं लिहिलं की निम्मे लोक मेसेज न करताच पुढे जातात. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणीचा, १४ आकडी क्रमांक पाकिटावर आणि कॅटलॉगमध्येही दिसू द्या. फराळाच्या वस्तूंवर ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख टाका.

पैशांसाठी नुसता क्यूआरचा फोटो पाठवू नका. ज्या फोनवर तो आला त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार? सोबत यूपीआय आयडी वेगळ्या मेसेजमध्ये, फक्त तेवढाच लिहून पाठवा, म्हणजे तो सरळ कॉपी करता येतो. बाहेरगावच्या ऑर्डरी वाढून कुरियरचे दर ठिकाणाप्रमाणे सांगावे लागले, की तेव्हा वेबसाइटचा विचार करा.

प्रश्न : अंधेरीत एसी दुरुस्तीचं काम करतो. गूगलच्या जाहिरातीत ५,००० रुपये घातले. फोन आले, पण नाशिकहून, सुरतेहून, आणि दोघांनी तर नोकरी मागितली.

जाहिरात बंद करून आधी सेटिंग उघडा. ‘स्मार्ट’ प्रकारची मोहीम असेल तर तज्ज्ञ मोडमध्ये जाऊन नवी ‘सर्च’ मोहीम करा आणि डिस्प्ले नेटवर्कची (इतर वेबसाइटवर दिसणाऱ्या जाहिरातींची) खूण काढा. ठिकाणाच्या पर्यायांत गूगलने आधीच निवडून ठेवलेला पर्याय असतो ‘त्या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस दाखवणारे’ असा. नाशिकचा माणूस अंधेरीबद्दल काही शोधत असेल तर तोही त्यात येतो. तो बदलून फक्त ‘त्या ठिकाणी असलेले’ करा. संपूर्ण मुंबई निवडू नका. अंधेरीवर पिन ठेवून चार-पाच किलोमीटरचं वर्तुळ घ्या. दुपारी साकीनाक्याच्या ट्रॅफिकमधून माणूस पाठवण्यात पैसे उरत नाहीत.

नको असलेल्या शब्दांची यादी करून टाका : नोकरी, जॉब, कोर्स, सेकंड हँड, टोल फ्री, कस्टमर केअर. शेवटचे दोन महत्त्वाचे, कारण ते शोधणाऱ्याला एसीच्या कंपनीचा नंबर हवा असतो, तुमचा नाही. हे शब्द हिंदी आणि इंग्रजीतही टाका. दर आठवड्याला ‘सर्च टर्म्स’चा अहवाल उघडून नवे निरुपयोगी शब्द यादीत घाला. जाहिरात फक्त फोन उचलणारा माणूस असेल त्याच वेळेत चालू ठेवा.

आगाऊ भरलेल्या रकमेतून १८ टक्के जीएसटी जातो, त्यामुळे ५,००० भरले तर जाहिरातीला सुमारे ४,२३७ रुपयेच मिळतात. बजेट त्यावर धरा.

जाहिरातीवरून उघडणाऱ्या पेजवर पहिल्याच नजरेत तपासणीचा दर, कुठल्या भागांत येता आणि आज येऊ शकता का हे दिसू द्या. ‘फोन करा’चं बटण स्क्रीनच्या तळाशी कायम राहू द्या, किमान ४८ पिक्सेल उंच, कारण अंगठा तिथेच पोचतो. नंबर चित्रात लिहिलेला नको, टेकवल्यावर लागणारा हवा. व्हॉट्सॲपची लिंक देताना डब्ल्यूए डॉट एमई आणि तिरकी रेघ यांच्यापुढे ९१ आणि मग दहा आकडे. अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा घातली तर लिंक चालत नाही.

प्रश्न : मुलुंडला क्लास आहे. चौकशीचा फॉर्म लोक अर्धवट सोडतात.

तुमच्या फॉर्ममध्ये अकरा रकाने आहेत, त्यात वडिलांचा व्यवसायही आहे. पालकांचं नाव, मोबाइल नंबर आणि इयत्ता एवढे तीन ठेवा, बाकी फोनवर विचारा. मोबाइलच्या रकान्यात आकड्यांचाच कीपॅड उघडला पाहिजे. सुरुवातीला शून्य किंवा ९१ टाकणाऱ्याला लाल अक्षरांत ‘चूक’ म्हणू नका. जादाचे आकडे कोडनेच काढता येतात. रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनवर बोट ठेवताच पेज मोठं होतं आणि ‘पाठवा’चं बटण बाजूला सरकतं. फॉर्म तिथेही सुटत असेल.

प्रश्न : वेबसाइट बनवणारा फोन उचलत नाही. डोमेन त्याच्याच नावावर आहे. काय करू?

डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची, मुदत कधी संपते ते आजच हूइज शोधात (डोमेनची नोंद दाखवणाऱ्या) बघा. सगळी घाई त्या तारखेवर अवलंबून आहे. तो सापडला तर दोनच गोष्टी मागा : मालकाच्या जागी तुमचं नाव आणि ईमेल, आणि डोमेन हलवण्याचा ऑथ कोड. पैसे दिल्याची बिलं, मेसेज जपून ठेवा आणि डोमेन जिथे नोंदवलं त्या कंपनीला लेखी कळवा. गूगल प्रोफाइलही त्याच्याकडे असेल तर तिथून मालकीची विनंती पाठवता येते. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात, त्यानंतर तुम्हाला पुढची पडताळणी करता येऊ शकते. पुढच्या वेळी डोमेन, होस्टिंग (वेबसाइट ठेवण्याची जागा) आणि प्रोफाइल ही तिन्ही खाती तुमच्या ईमेलवर, तुमच्या पैशांनी उघडा. बनवणाऱ्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या.

प्रश्न : ठाण्यात केकचं दुकान आहे. ऑफर व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट करतो, पण बऱ्याच जणांना पोचत नाही. आणि पाच स्टार देणाऱ्याला दहा टक्के सूट ठेवू का?

ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज जातो. म्हणून केकच्या खोक्यावर ‘पुढच्या ऑर्डरसाठी नंबर सेव्ह करा’ असं छापा. विकत घेतलेल्या नंबरांवर मेसेज पाठवू नका; लोकांनी तक्रारी केल्या तर तुमचाच नंबर बंद होतो. एसएमएसने ऑफर पाठवायची असेल तर डीएलटी नोंदणी (व्यावसायिक एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांकडे करायची), मान्य झालेलं नाव आणि मान्य झालेला मजकूर लागतो.

स्टारसाठी सूट नको. मोबदला देऊन अभिप्राय घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, ते अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात. काउंटरवर अभिप्रायाचा क्यूआर ठेवा आणि केक हातात देताना सगळ्यांना सांगा, खूश दिसणाऱ्यांनाच नाही. एक स्टार आला तर दोन-तीन वाक्यांत, नाव घेऊन आणि काय दुरुस्त केलं ते सांगून उत्तर द्या. तो माणूस दुकानात आलेलाच नाही अशी खात्री असेल तर त्या अभिप्रायाशेजारच्या तीन टिंबांतून तक्रार नोंदवा, आणि निकाल लागेपर्यंतही उत्तर सौम्यच ठेवा.