वळीव येऊन गेला, आता आधी काय उचलायचं?

शहर सोडून कोल्हापूरच्या आसपास घर-जमीन घेतलेल्या मंडळींची पत्रं मे महिन्यात एकदम वाढतात. कारण वळीव. दुपारभर उकडतं, चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं, अर्ध्या तासात वारं, गारा, पाऊस सगळं उरकतं आणि मागचं आवरायला आठवडा जातो. हाताशी दिवस थोडेच असतात, ७-८ जूनला मिरग, म्हणजे पावसाचं मृग नक्षत्र, निघतो. म्हणून आवरायची सुरुवात अंगणापासून करू नका. आधी वीज, मग छप्पर, मग पिण्याचं पाणी. पालापाचोळा आठ दिवस पडून राहिला म्हणून कुणाचं बिघडत नाही. पत्रांतले काही प्रश्न आणि माझी उत्तरं खाली देतो.

पन्हाळ्याच्या पायथ्याला घर घेऊन आठ महिने झाले. परवाच्या वाऱ्यात कुंपणाजवळचं जांभळाचं झाड मुळासकट आडवं झालं. घराकडे येणारी वायर त्याच्या फांद्यांत अडकली आहे. लाईट गेलेलीच आहे, तर तेवढ्यात झाड कापून घेऊ का? कटर भाड्याने मिळतोय.

नका. लाईट गेली म्हणजे वायर मेली असं नसतं. पुरवठा कधीही परत सुरू होतो, शिवाय शेजारच्या कुणाच्या जनरेटरची वीज चुकीच्या जोडणीमुळे उलटी त्याच वायरीत येऊ शकते. १९१२ वर तक्रार नोंदवा, गावच्या वायरमनला फोन करा, आणि लाईन बंद केल्याचं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय फांदीलाही हात लावू नका. गावात एखादा उत्साही पोरगा काठी घेऊन डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला, फ्यूज काढायला निघतो. त्याला तिथल्या तिथे थांबवा, मग तुम्हाला भित्रे म्हटलं तरी चालेल.

वायर सुटली की झाड. उन्मळलेलं झाड उभ्या झाडापेक्षा अवघड, कारण त्यात ताण अडकलेला असतो. माझ्याकडचा आंबा असाच पडला होता. माती धरून उभा राहिलेला मुळांचा गड्डा पुरुषभर उंच होता. कटरवाल्याने बुंधा तोडला आणि तो गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसला. दहा मिनिटांपूर्वी शेजारची दोन पोरं त्याच खड्ड्यात उतरून गांडुळं शोधत होती. तेव्हापासून मी खड्ड्याच्या बाजूला कुणाला फिरकू देत नाही. बुंध्याखाली वाकलेली कोवळी रोपटीही तशीच, तोडली की सपकन तोंडावर येतात. छोट्या फांद्या तुम्ही कोयत्याने काढा. बुंधा मात्र सरावाच्या माणसाकडूनच तोडून घ्या, भाड्याच्या कटरवर ते काम शिकायला जाऊ नका.

लाकडाचं म्हणाल, तर जांभूळ, आंबा, फणस, चिंच ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. झाड आपोआप पडलं असलं तरी लाकूड विकायच्या किंवा बाहेर न्यायच्या आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा. आणि काहीही हलवण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढा. घराचं नुकसान असेल तर तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्यायचा आहे, तिथेही हेच फोटो लागतील.

आमच्या घराला पुढे कौलं आणि मागच्या पडवीला सिमेंटचे पत्रे. कौलं सरकलीत, दोन पत्रे फुटलेत. गवंडी दहा दिवसांनी येतो म्हणतो. मीच चढून बसवू का?

कौलं सारखी करणं जमण्यासारखं आहे, पण पाय कौलावर द्यायचा नाही. वासा कुठून जातो ते आतून पाहून ठेवा आणि त्यावर आडवी फळी टाकून वजन फळीवर द्या. ओल्या, शेवाळलेल्या कौलावर तर चढूच नका, दोन उन्हं पडू द्या. तोवर ताडपत्री.

सिमेंटच्या पत्र्यावर मात्र कुणीच चढू नये, वजनाने तो मधेच फुटतो. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसाला वाईट. तुकडे पाण्याने भिजवून, नाकातोंडाला मास्क लावून उचला. झाडूने कोरडे झाडू नका, ग्राइंडर लावू नका. नवे लोखंडी पत्रे घालणार असाल तर हुकाचं भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायला सांगा. पन्हळीत पाडलं तर पहिल्याच पावसात पाणी ताटात येतं.

विहिरीत पाला, माती, कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर, सगळं पडलंय. पाणी गढूळ आहे. पावडर टाकली की पिता येईल ना?

गढूळ पाण्यात पावडर वाया जाते. आधी कचरा काढा, मोटार लावून शक्य तेवढा उपसा करा, नवं पाणी निवळू द्या. मग पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर. गावात तिला टीसीएल म्हणतात आणि ग्रामपंचायतीत चौकशी केली की मिळते.

माप असं: १,००० लिटरला चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर ३ × ३ × ४ × ०.७८५, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, २८ हजार लिटर. त्याला ७० ग्रॅम पुरते. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊण भरून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोराने विहिरीत सोडून खालीवर हिसके द्या. तळाचा चुना विहिरीत ओतू नका, पाणी जड होतं. निदान तासभर उपसा बंद ठेवा, संध्याकाळी केलंत तर रात्रभर विसावा मिळतो. तोंड उघडं राहिलेल्या जुन्या पिशवीतली पावडर वापरू नका, तिच्यात जोर उरत नाही. आणि पहिले काही दिवस पिण्याचं पाणी उकळाच.

ढिगारा उपसताना साप निघाला तर?

निघू शकतो. पडलेली कौलं आणि लाकडं ही घोणस, मण्यार यांना आवडणारी जागा. हाताने नव्हे, खोऱ्याने ओढा, पायात बूट घाला, अंधार पडल्यावर काम बंद. चावलाच तर कापणं, आवळून बांधणं, मांत्रिक, काही नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना, १०८ ला फोन. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सापाच्या विषावरची लस आहे का ते आजच विचारून ठेवा. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहेच.

शेजारच्या तात्यांनी आणि त्यांच्या पोरांनी न बोलावता येऊन आमच्या अंगणातलं झाड आवरून दिलं. पैसे देऊ केले तर तात्या गप्पच झाले, रागावले बहुतेक. काय चुकलं?

पैसेच चुकले. आपल्याकडे याला पैरा म्हणतात. आज त्यांनी तुमच्याकडे दिवस घातला, उद्या तुम्ही त्यांच्याकडे घालायचा. तो नोटांनी मिटवायला गेलात म्हणजे यापुढे संबंध नको, असा अर्थ निघतो. वैनींना सांगून पडलेल्या कैऱ्यांचं लोणचं घाला आणि एक बरणी तिकडे पाठवा. भरलेला डबा देऊन आलात की डबा रिकामा परत येणार नाही, ते वेगळं.

आणि मिरगाच्या आधी तात्यांची पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी झाकायची असेल. सकाळी सातला, न बोलावता, जाऊन उभे राहा. हातमोजे घालून गेलात तर गावभर दोन दिवस चेष्टा होईल. घाला तरीही, पिंजरात विंचू असतात.