टॅली तुमची, कॉलेज मुलीचं : एकच लॅपटॉप घ्यावा का?

प्रश्न : मी बार्शीत घरूनच चार दुकानांचे हिशेब टॅलीवर लिहिते. जुना डेस्कटॉप सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतो. मुलगी बारावीला आहे, पुढे पुण्यात बीसीए करायचं म्हणते. दोघींना चालेल असा एकच लॅपटॉप घ्यावा का? बजेट ५० हजार. एक दुकानदार वापरलेला ‘आय सेव्हन’ प्रोसेसरचा लॅपटॉप निम्म्या किमतीत देतोय. नव्यात ‘आय थ्री’च बसेल, असं त्याचं म्हणणं. – एक वाचक

उत्तर : ताई, दोघींत एक घेऊ नका. जूनमध्ये मुलगी पुण्याला गेली की लॅपटॉप तिच्याबरोबर जाणार आणि जीएसटी भरायची तारीख आली की तुमची पंचाईत होणार. आत्ता फक्त तुमच्या कामाचं बघा. तिच्यासाठीचे पैसे बाजूला ठेवा. प्रवेश झाल्यावर कॉलेजात काय शिकवतात ते कळेल, तेव्हा घ्या.

तुमचं काम एका टेबलावरचं, म्हणून डेस्कटॉपच घ्या. दिवसभर आकडे मारणाऱ्या हाताला कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची बटणं लागतात. मधलं बोट पाचवर (त्यावरचा बारीक उंचवटा त्यासाठीच असतो), अंगठा शून्यावर आणि नजर बिलावर. १४ इंची लॅपटॉपमध्ये ही बटणं सहसा नसतातच. शिवाय पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, सेल्सला एफ८ दाबायची तुमची सवय. बऱ्याच लॅपटॉपवर तीच बटणं आधी आवाज नि उजेड कमीजास्त करतात. सेटिंग बदलता येतं, पण मुळात हा त्रास घ्यायचाच कशाला?

जुना मॉनिटर आणि कीबोर्ड धड असतील तर नुसती कॅबिनेट घ्या. मॉनिटरची वायर व्हीजीए (जुन्या पद्धतीची जोडणी) असेल तर नव्या कॅबिनेटला ते पोर्ट आहे का, तेवढं बघून घ्या. ५१२ जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली, वेगवान डिस्क) हवीच. तुमचं जुनं मशिन सुरू व्हायला इतका वेळ घेतं, त्याचं कारण बहुधा आतली फिरती हार्ड डिस्क. टॅलीला ८ जीबी रॅम भरपूर झाली, पण पुढे रॅम वाढवायला तिचा दुसरा स्लॉट (खाच) रिकामा आहे ना, ते स्वतः पाहा. दुकानातच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. किती स्लॉट वापरलेत ते तिथे लिहिलेलं असतं. यूपीएसवर मात्र काटकसर नको. एंट्री चालू असताना लाईट गेली तर टॅलीचा डेटा बिघडू शकतो.

आता त्या ‘आय सेव्हन’बद्दल. दुकानदाराला प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारा. आय७-६६००यू असेल तर तो सहाव्या पिढीचा, २०१५ सालचा, आत दोनच कोअर (काम करणारे भाग). आय३-१२१५यू हा २०२२चा, बाराव्या पिढीचा, त्यात सहा कोअर. नावातला सात बघून तीनला हलकं समजू नका. सहाव्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. चार गिऱ्हाइकांचे हिशेब असलेलं मशिन सुरक्षेच्या अपडेटशिवाय ठेवणं मला अजिबात पटत नाही. हा सौदा सोडा.

मुलीला लॅपटॉप घ्याल तेव्हा १६ जीबी रॅमचाच पाहा. पातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅम बोर्डावरच पक्की जोडलेली असते, मग ती नंतर वाढवता येत नाही.

आणि जुना डेस्कटॉप भंगारात देण्याआधी त्याच्यावरचं टॅलीचं लायसन्स ‘सरेंडर’ करा (म्हणजे त्या मशिनवरून सोडवून घ्या), मगच नव्यावर चालू करा. सगळ्या कंपन्यांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, नव्या मशिनवर रिस्टोअर करा आणि चारही दुकानांची ट्रायल बॅलन्स जुन्याशी ताडून पाहा. आकडे जुळले की जुनं मशिन द्यायला हरकत नाही.