कलाभवन आधी की कलावंत आधी?

प्रश्न : आमच्या छोट्या शहराच्या विकास समितीवर मी काम करतो. बाजारपेठेतले बरेच गाळे बंद आहेत आणि शिकलेली मुले बाहेरगावी जातात. कलेच्या आधाराने शहराला उभारी द्यावी, यावर एकमत आहे. मात्र कलाभवन बांधावे की दरवर्षी तीन दिवसांचा महोत्सव भरवावा, यावरून समितीत दोन तट पडले आहेत. आपले मत काय? – एक वाचक

उत्तर : दोन्ही तट थोडे नाराज होतील, पण माझ्या मते सुरुवात त्या बंद गाळ्यांपासून करावी.

अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या पडूका या सुमारे २७ हजार वस्तीच्या शहराने २००० साली नेमके हेच केले. तेथील एक जुना भाग पडीक घरांनी भरला होता. दुरुस्तीचा आराखडा आणि पैशांची तजवीज दाखवणाऱ्या बाहेरच्या कलावंतांना ती घरे नाममात्र किमतीत देण्यात आली, एकाच इमारतीत राहण्यास, काम करण्यास आणि विक्री करण्यास नियमाने मुभा मिळाली आणि घराच्या चालू बाजारभावाकडे न पाहता दुरुस्तीसाठी कर्ज देण्याची तयारी एका स्थानिक बँकेने दाखवली. मला यात बँकेचा वाटा सर्वांत मोलाचा वाटतो. २०१३ मध्ये युनेस्कोने हस्तकला व लोककलेसाठी या शहराचा सर्जनशील शहरांच्या जाळ्यात समावेश केला.

येथे कलावंत घराचा मालक झाला, ही बाब नजरेआड करू नये. अन्यथा ठरलेला क्रम असा, की कलावंतांमुळे गल्लीला वर्दळ येते, वर्दळीमुळे भाडे चढते आणि चढलेले भाडे न परवडल्याने सर्वांत आधी कलावंतच बाहेर पडतो. मालकी देणे शक्य नसेल, तर किमान दहा वर्षांचा लेखी भाडेकरार करावा, त्यात भाडेवाढीची मर्यादा नमूद करावी आणि भाडेकरूने केलेला दुरुस्तीखर्च भाड्यातून वळता करण्याची तरतूद ठेवावी.

बाहेरून आलेली कला गावकऱ्यांना आपली वाटेल का, ही शंका समितीत निघेलच. जपानमधील नाओशिमा बेटावर १९९८ मध्ये सुमारे दोनशे वर्षांच्या एका रिकाम्या घरात तात्सुओ मियाजिमा या कलावंताने अंधाऱ्या खोलीतील पाण्यात १२५ अंकदर्शक दिवे बसवले. प्रत्येक दिव्यातील आकडे किती वेगाने बदलावेत, हे मात्र एकेका रहिवाशाने ठरवले. ज्याने वेग ठरवला तो आपला दिवा पाहुण्यांना दाखवायला नेणारच, हे वेगळे सांगायला नको. अशा सहभागाला फारसा पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि समित्या नेमका तोच द्यायला कचरतात.

महोत्सव तिसऱ्या वर्षी भरवावा, तोही खर्चातला किती पैसा शहरातल्याच सुतार, छापखाने आणि निवासगृहांकडे जाणार आहे हे मोजून. कलाभवनाच्या बाबतीत बांधकामाच्या निधीपेक्षा वीज, देखभाल आणि पगार यांची पुढील दहा वर्षांची तरतूद आधी मागावी. ती दाखवता आली नाही, तर तो विषय तूर्त बाजूला ठेवावा.

पुढील बैठकीला जाताना बंद गाळ्यांचा नकाशा सोबत न्या, आणि प्रत्येक गाळ्यापुढे मालक कोण, वाद आहे का, वीज-पाण्याची जोडणी चालू आहे का, एवढे लिहून ठेवा. कलाभवनाचा आराखडा त्या दिवशी कपाटात राहिला तरी चालेल.