गणवेश नसलेल्या शाळेत मुलासाठी टिकाऊ बूट कसे निवडावेत?

आधी बुटाचं टोक बघा. धावताना, सायकल पायाने थांबवताना मुलांचे बूट तिथेच झिजतात, म्हणून पुढे रबर वर चढलेलं हवं. सोल नुसता चिकटवलेला नको, कडेने शिवलेला घ्या. बूट हातात धरून वाकवा: बोटांच्या सांध्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर ठेवून द्या.

पुढच्या वर्षीही होतील म्हणून मोठं माप अजिबात घेऊ नका, पाय आत सरकून टाचेचं अस्तर फाटतं. अंगठ्यापुढे साधारण 1 सेंटीमीटर जागा पुरे. संध्याकाळी, मोजे घालून, दोन्ही पायांत घालून बघा. रंग मात्र मुलालाच निवडू द्या. जमल्यास दोन जोड आलटूनपालटून वापरा; ओलसर बूट पूर्ण वाळले नाहीत तर लवकर खराब होतात.