वाचकांचे प्रश्न : धंद्याचे हिशेब क्लाउडवर न्यावेत का?

प्रश्न : सांगलीत आमचा औषधांच्या घाऊक विक्रीचा व्यवसाय आहे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि बिलिंग दुकानामागच्या खोलीतील सर्व्हरवर चालते. २०१९ च्या महापुरात तो घाईघाईने वरच्या मजल्यावर न्यावा लागला होता. आता तो जुना झाला आहे. क्लाउडवर गेल्यास खर्च निम्मा होईल, असे एक पुरवठादार सांगतो. काय करावे?

उत्तर : खर्च निम्मा होईल या आश्वासनावर हा निर्णय घेऊ नये. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधील सर्व्हर, साठवणुकीची जागा किंवा तयार सॉफ्टवेअर इंटरनेटवरून वापरणे आणि वापराप्रमाणे त्याचे भाडे भरणे. ज्याचे काम वर्षभर एकाच गतीने चालते, त्याला हे भाडे चार-पाच वर्षांच्या हिशेबात स्वतःच्या सर्व्हरपेक्षा महागही पडू शकते. बेसकँप हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या ३७सिग्नल्स या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडून स्वतःच्या सर्व्हरवर परतण्याचा निर्णय जाहीर केला, तो याच कारणाने.

तरीही आपण क्लाउडवर जावे, असे माझे मत आहे. आपला खरा धोका पाण्याचा आहे. गावात पूर आला, वीज गेली किंवा दुकान चार दिवस बंद राहिले, तरी थकबाकीची यादी आणि औषधांचा बॅचनिहाय साठा दुसऱ्या गावातून पाहता येणे, ही सोय स्वतःच्या एका खोलीत कितीही खर्च केला तरी मिळत नाही. शिवाय हार्ड डिस्क, यूपीएस आणि देखभालीचा करार यांची कटकट संपते. मात्र दुकानात वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन इंटरनेट जोडण्या ठेवाव्यात, नाहीतर लाइन गेली की बिलिंग थांबेल.

पुरवठादाराला दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. ‘टॅली क्लाउडवर’ या नावाने विकली जाणारी सेवा बहुधा भाड्याच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावर उघडून, शिरण्याची सोय असते. हा दरवाजा इंटरनेटवर सर्वांसाठी उघडा असेल आणि पासवर्ड दुकानाच्या नावासारखा सोपा असेल, तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, आत येण्याचा तो ठरलेला रस्ता आहे. म्हणून व्हीपीएन, म्हणजे फक्त आपल्या माणसांसाठीची बंदिस्त वाट, आणि पासवर्डखेरीज ओटीपीसारखी दुसरी खूण यांचा आग्रह धरावा. दुसरा प्रश्न बॅकअप कुठे असतो, हा. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरची एक संपूर्ण इमारत जळाली आणि ज्यांचा बॅकअप नव्हता किंवा त्याच आवारात होता, अशा अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहेच, असे नाही.

टॅलीचे चालू फोल्डर गूगल ड्राइव्हसारख्या सेवेला जोडून ठेवणे हाही बॅकअप नव्हे. इकडची फाइल बिघडली की तिकडचीही बिघडते, आणि दोन संगणकांवरून एकाच वेळी नोंदी झाल्या तर डेटा खराब होतो. दर तीन महिन्यांनी बॅकअप एखाद्या वेगळ्या संगणकावर उतरवून तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळते का, हे आपल्या हिशेबनिसाने स्वतः पाहावे. पुरवठादाराचा ‘बॅकअप यशस्वी’ असा ईमेल हा त्याचा पुरावा मानू नये.

प्रश्न : आम्ही पुण्यातून दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतो. एरवी संकेतस्थळ रिकामे असते, पण दिवाळीआधीच्या काही आठवड्यांत ते बंद पडते. क्लाउडने हे सुटेल का?

उत्तर : आपली गरज क्लाउडसाठी अगदी योग्य आहे. लग्नातल्या पंगतीसाठी कोणी पातेली विकत घेत नाही, भाड्याने आणतो. तसे येथे गर्दीपुरते सर्व्हर वाढवून नंतर परत करता येतात. पण हे आपोआप घडत नाही. सर्व्हर किती गर्दीला वाढावेत आणि जास्तीत जास्त किती व्हावेत, हे आधी ठरवून द्यावे लागते, आणि ऑर्डरींच्या नोंदी ठेवणारा डेटाबेसच अडला असेल तर संकेतस्थळाची पाने दाखवणारे सर्व्हर वाढवून काहीही साधत नाही. म्हणून ऑर्डर सुरू होण्याच्या एक महिना आधी संकेतस्थळ गर्दी पेलते का, याची चाचणी घ्यावी. फराळाची मोठ्या आकाराची छायाचित्रे ग्राहकाच्या जवळच्या ठिकाणावरून पोचवणारी सीडीएन सेवा घेतल्यास निम्मे ओझे तिथेच उतरू शकते.

बिलाबाबत सावध राहावे. खर्चाची मर्यादा ओलांडल्याचा इशारा बहुतेक ठिकाणी केवळ कळवतो, खर्च थांबवत नाही. सर्व्हर बंद केला तरी त्याला जोडलेल्या डिस्कचे भाडे चालूच राहते. भाऊबीज झाल्यावर कोणीतरी ती आवराआवर केलीच पाहिजे. घरच्या माणसांत हे पाहणारे कोणी नसेल, तर मासिक शुल्कात मिळणारे तयार ऑनलाइन दुकान घ्यावे. तेही क्लाउडच आहे, फक्त सर्व्हरची चिंता दुसरा वाहतो.

प्रश्न : आमची नाशिकची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. डेटा भारतातच ठेवण्याची सक्ती आहे का?

उत्तर : सर्व डेटासाठी सरसकट सक्ती नाही, पण हिशेबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील, तर कंपनी लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार त्यांचा बॅकअप दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवावा लागतो. हा नियम कंपन्यांना आहे, भागीदारी पेढीला नाही. पाळणे अवघड नाही. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर्स २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नई परिसरात आहेत, ॲमेझॉनची २०१६ पासून मुंबईत आणि २०२२ पासून हैदराबादेतही, तर गूगलची २०१७ पासून मुंबईत. सर्व्हर किंवा साठवणूक घेताना मात्र जागा आपणच निवडायची असते. ती तपासून घ्यावी आणि सेवा सोडताना आपला डेटा कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळेल, हेही करारात लिहून घ्यावे.