रक्तगटाच्या बाटल्या रोज का तपासायच्या?

प्रश्न : मॅडम, मी डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) झाले आहे. राजारामपुरीतल्या एका छोट्या प्रसूती रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे रक्त चढवत नाहीत, मी फक्त रक्तगट करते. अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी, म्हणजे ज्यांच्यानं पेशींची गुठळी होते का बघून गट ठरतो ती द्रावणं, रोज कंट्रोल (गट आधीच माहीत असलेल्या पेशी) लावून तपासायची असं शिकले होते. इथं सर म्हणतात, "कंपनीनं तपासूनच पाठवलंय, तारीखही पुढच्या वर्षाची आहे, उगाच थेंब कशाला घालवायचे?" रोज तपासणं खरंच गरजेचं आहे का? आणि पावसाळ्यात रात्रभर लाईट गेली, फ्रीज बंद पडला, तर बाटल्या टाकून द्यायच्या का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रोज तपासा. तुमच्यासारख्या ठिकाणी तर जास्तच गरज आहे. ज्याला रक्त चढवायचं असतं त्याचा गट रक्तपेढीत पुन्हा होतो, वर क्रॉसमॅचही होतं, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का तेही बघतात. तुमची चूक तिथं कुणीतरी पकडतं. पण बाळंतिणीला अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे तुमच्या एकट्या ट्यूबवर ठरतं. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर ते इंजेक्शन 72 तासांच्या आत जायला हवं. आईचा गट चुकून पॉझिटिव्ह लिहिला गेला, की ते राहतं. त्या वेळी कुणालाच काही कळत नाही. त्रास होतो तो पुढच्या बाळाला. मी रक्तपेढीतली नोकरी संपवून आता घरी आहे, पण हा विषय निघाला की अजून जीव वर-खाली होतो.

आता सरांचं म्हणणं. कंपनीची तारीख खरी असते, पण ती बाटली 2 ते 8 अंशांत राहिली आणि झाकण जागच्या जागी लागलं तरच. तुमच्या टेबलावर दिवसभर उघडी राहिलेली बाटली त्या तारखेच्या हिशेबात नाही. अँटी-ए निळं, अँटी-बी पिवळं, अँटी-डी बिनरंगी. घाईत अँटी-एचा ड्रॉपर अँटी-बीच्या बाटलीत गेला तर रंग हिरवट व्हायला हवा, पण थेंबभरच मिसळलं तर डोळ्याला दिसेलच असं नाही. ते निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे जिथं गुठळी व्हायलाच नको अशा पेशी, दाखवतो. म्हणून मी नेहमी सांगत आले, की पॉझिटिव्ह कंट्रोल लावून समाधान मानू नका. बाटली काम करते एवढंच त्यातून कळतं. नको तिथं काम करते का, हे निगेटिव्हच सांगतो.

अँटी-एला ए पेशी पॉझिटिव्ह, बी पेशी निगेटिव्ह. अँटी-बीला त्याच्या उलट. अँटी-डीला सगळेजण ओ पॉझिटिव्ह आणि ओ निगेटिव्ह लावतात आणि ते बरोबरच आहे, पण त्यात एक फट राहते. अँटी-डीत अँटी-ए मिसळलं असेल तर ओ पेशींवर ते दिसणारच नाही, कारण ओ पेशींवर ए नसतोच. मग ए निगेटिव्ह आई तुमच्याकडे पॉझिटिव्ह निघेल. मिळाल्या तर ए निगेटिव्ह आणि बी निगेटिव्ह पेशीही अधूनमधून लावा. आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसं कमी, त्यामुळे त्या रोज मिळणार नाहीत. जवळच्या रक्तपेढीला पत्र द्या. गट पक्का झालेल्या पिशवीच्या नळीचा सीलबंद तुकडा, म्हणजे सेगमेंट, मागता येतो. पेशी सलाईननं तीनदा धुवून 5 टक्क्यांचं सस्पेन्शन (सलाईनमधलं पेशींचं मिश्रण) रोज सकाळी ताजं करा.

एक थेंब अँटीसेरा (बाटलीतलं द्रावण), एक थेंब पेशी, सेंट्रिफ्यूजमध्ये 1000 आरपीएमवर एक मिनिट फिरवा, मग ट्यूब हळूच हलवून बघा. वहीत नुसतं "ओके" लिहू नका. किती प्लस आलं, म्हणजे गुठळी किती घट्ट झाली, ते लिहा; फोर प्लस सगळ्यांत घट्ट. रोज फोर प्लस येणारी बाटली थ्री प्लसवर आली, की ती तुम्हाला काही सांगू पाहतेय. "ओके"च्या रांगेत ते कधीच दिसत नाही.

जमलं तर कमजोर पेशीही ठेवा, ए-टू किंवा ए-टू-बी, म्हणजे ज्यांच्यावर ए कमी असतो अशा. नेहमीच्या ए-वन पेशी थकलेल्या अँटी-एलाही छान गुठळी देतात, फरक कमजोर पेशीवर आधी पडतो. ए-टू ओळखायला जे अँटी-ए-वन लेक्टिन (बियांतलं एक प्रथिन) वापरतात ते हुलग्याच्या बियांतून काढलेलं असतं. आपल्या घरात माडगं करतो तोच हुलगा. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

थेंबांचा हिशेबही सरांपुढं मोकळेपणानं मांडा. 10 मिलीच्या बाटलीत साधारण 200 थेंब. रोजचे 2 धरले तर महिन्याला 60 जातात. खर्च आहे, तो लपवू नका. छोटी बाटली मागवा, पण कंट्रोल बंद करू नका.

फ्रीजचं विचारलंत. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुरात शहराच्या बऱ्याच भागांत वीज नव्हती, तेव्हा हा प्रश्न अनेकांना पडला होता. लगेच टाकू नका आणि तशीच वापरूही नका. आधी उजेडात धरून बघा: गढूळ झालंय, तळाला कण बसलेत, तर ती बाटली गेली. गोठलेली असेल तरीही गेली. दिसायला स्वच्छ असेल तर कंट्रोल लावा आणि टायटर काढा, म्हणजे किती पातळ करूनही गुठळी होते ते बघा. सलाईनमध्ये दुप्पट-दुप्पट पातळ करत जा. चांगलं मोनोक्लोनल अँटी-ए किंवा अँटी-बी 1:256 पर्यंत गुठळी देतं. टाइलवर ए-वन पेशींसोबत 3-4 सेकंदांत गुठळी दिसू लागायला हवी. शंका राहिलीच, तर नव्या बाटलीच्या शेजारी जुनी लावून बघा.

कंट्रोल चुकला तर त्या दिवशी रिपोर्ट सोडू नका. पहिल्यांदा सलाईन बदला, ट्यूब बदला, पेशी पुन्हा धुवा. बऱ्याचदा दोष तिथंच असतो. तरीही चुकला तर नवी बाटली उघडा आणि शेवटचा बरोबर कंट्रोल लागला त्या दिवसानंतरचे सगळे गट पुन्हा करा, आधी बाळंतिणींचे. त्यांच्याकडे वेळ सगळ्यांत कमी असतो.