साखर कंपनीच्या खुलाशातील ‘उचल’ आणि ‘वेठबिगारी’

वाळवा तालुक्यातील एका वाचकांचा प्रश्न असा आहे : मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांना उत्तर देताना एका साखर कंपनीने ‘ऊसतोड मजूर स्वेच्छेने उचल घेतात व त्यांना मजुरीही मिळते, त्यामुळे वेठबिगारीचा प्रश्नच उद्भवत नाही’ असे म्हटले आहे, ही शब्दयोजना योग्य आहे का? माझ्या मते ती योग्य नाही.

‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’वरून आला आणि ‘बिगार’ फारसीतून. दोहोंचा मूळ अर्थ सक्तीने, विनामोबदला करून घेतलेले काम. कंपनीने तेवढाच अर्थ धरलेला दिसतो. परंतु 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार, आगाऊ रकमेपोटी नाममात्र मजुरीवर राबावे लागणे किंवा दुसरीकडे काम करण्याचे अथवा मोकळेपणाने जाण्या-येण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागणे हीदेखील वेठबिगारीच आहे. शिवाय किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे संविधानाच्या अनुच्छेद 23 नुसार सक्तीचे श्रम ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात दिला. म्हणजे मजुरी दिली एवढ्याने आरोप खोटा ठरत नाही.

खरी गफलत ‘उचल’ या शब्दात आहे. सांगली-साताऱ्याच्या ऊस उत्पादकाला ‘पहिली उचल’ म्हटले की घातलेल्या उसाच्या दराचा पहिला हप्ता आठवतो. ते त्याच्या हक्काचे पैसे असतात आणि देणेकरी कारखाना असतो. बीडहून कोयता घेऊन आलेल्या जोडप्याची उचल याच्या नेमकी उलट आहे. ती हंगामापूर्वी मुकादमाकडून, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या टोळीप्रमुखाकडून, आगाऊ घेतलेली असते, तोडलेल्या उसाच्या टनांतून फिटते आणि फिटली नाही तर अंगावर राहून पुढच्या हंगामात त्याच मुकादमाच्या टोळीत यायला भाग पाडू शकते. आपल्या भागातील वाचकाच्या मनात ‘उचल’ला जी निर्धास्त छटा आहे, ती या मजुरांच्या वाट्याला येत नाही, आणि म्हणूनच हा शब्द असा मोघम वापरणे मला अन्यायाचे वाटते.

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असे मात्र म्हणता येणार नाही. ते अटींवर ठरते. म्हणून खुलाशात ‘मजुरांना मुकादमामार्फत आगाऊ रक्कम दिली जाते’ असे लिहून, ती फिटली नसतानाही मजूर काम सोडून जाऊ शकतो का, हे त्याच वाक्यात स्पष्ट करायला हवे होते.